सहावा आकडा

“मालूताई, माझा पण नाव लिवा तुमच्या यादीत,” रक्तपेढीच्या खिडकीशी उभा राहून हमीद म्हणाला. त्याच्या बायकोला, झरीनला, जाऊन चाळीस दिवस झाले होते.

“ग्रुप?” मालिनीने मान वर न करताच विचारले.

“ओ पॉझिटिव्ह. तिला चालला नसताच म्हना.”

रक्तदात्यांची ती यादी म्हणजे मालिनीचा जीव की प्राण. बारावी झालेल्या बाईने पुस्तक मांडीवर घेऊन संगणकाची पर्ल भाषा शिकावी आणि नाव, गाव, गट, फोन असे रकाने पोफळींच्या रांगेसारखे सरळ उभे करावेत, याचे पेढीत कोण कौतुक. प्रोग्रॅममध्ये जितक्या खुणा, तितकी रकान्याची रुंदी; त्यापुढचे छापलेच जात नसे. रत्नागिरीतल्या पाच आकडी फोन नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला, तेव्हा तिने एका ओळीत सगळे नंबर बदलले आणि वर सगळ्यांना चहा पाजला. फोनचा रकाना मात्र पाच खुणांचाच राहिला. शेवटचा आकडा छापताना गुपचूप गळू लागला. यादी इतकी देखणी, की शंका घ्यायला कुणाला सुचलेच नाही. तिला तर नाहीच.

झरीन बाळंत झाली, रक्त थांबेना. ओ निगेटिव्ह हवे होते. गोदा सिस्टर भरदुपारी यादीतले चार नंबर फिरवत बसल्या. एक लागेल तर शपथ. शेवटी हमीदच रिक्षा करून मिरजोळ्यात यादीतल्या दात्याचे नाव विचारत हिंडला. हरिहर मास्तर सापडले, होते तसे निघालेही. पण उशीर झाला होता.

“त्या दिवशी फोनच मेलेले,” हमीद म्हणाला. “कुनाला काय बोलायचा?”

चाळीस दिवस सगळे हेच म्हणत होते आणि मालिनी ऐकून घेत होती.

“फोन चालू होते, हमीदभाई.” तिने जुनी यादी त्याच्यापुढे ठेवली. “हे बघा, पाचच आकडे आहेत. सहावा माझ्यामुळे गळला. दुसऱ्या दिवशी कळलं मला. कुणाला बोलले नाही.”

हमीदने कागद उचलून उजेडात धरला. बाहेर एसटी थांबली, गेली.

“आता येतो सहावा?”

“येतो.”

“मग लिवा माझा.”

त्याने नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. प्रिंटर करकरला. मालिनीने नव्या यादीचा कागद सरकवला.

हमीदने आपल्या नावापुढे बोट ठेवून सहा आकडे मोजले. मग बोट वर नेले, आणि हरिहर मास्तरांचे मोजले.