घोटबाईची जीभ

“बाई, हे दूध कडू लागतंय,” ट्रकवाला म्हणाला.

घोटबाईने कॅनमधून आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, मोरीत थुंकला आणि “चालेल” म्हणून मोकळी झाली. ती एकतीस वर्षं डेअरीच्या धक्क्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक कॅनमधलं दूध चाखत होती. फॅट मशीन सांगतं, पाणीही मशीन सांगतं. पण गाईने कुठला भलता पाला खाल्लाय, कॅन कुणी नीट धुतलेला नाही, दूध आत्ता बरं असलं तरी दुपारपर्यंत दगा देणार आहे, हे फक्त जीभ सांगते. घोटबाई हे नाव डेअरीतल्या लोकांनीच ठेवलेलं, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

ट्रकवाला नऊ वर्षं गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून आणायचा. कॅन चढवताना तोही घोटभर चाखून बघायचा, एवढंच. “कडूबिडू काही नाही. आधी ती तंबाखू थुंकून ये,” बाई म्हणाली. तंबाखू सोडून वर्ष झाल्याचं त्याने हळूच सांगितलं, पण घोटबाईशी चवीवरून वाद घालायची धक्क्यावर पद्धत नव्हती. दूध दह्याच्या टाकीत गेलं.

दुपारपर्यंत दह्याची अख्खी टाकी कडूजहर झाली. डेअरीचे साहेब स्वतः खाली आले, चमचाभर चाखलं आणि तोंड वाकडं करून टाकी ओतून द्यायला सांगितली. मग त्यांनी दोष कुणाचा ते ठरवलं. बाईंनी पास केलेलं दूध खराब असूच शकत नाही, तेव्हा बाईंचं चाखून झाल्यावर ट्रकवाल्यानेच एखादा कॅन मागच्या बाजूने आत सरकवला असणार. त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं. सकाळचं बोलणं तो साहेबांना सांगू शकला असता. त्याने फक्त एकदा बाईकडे पाहिलं आणि आपल्या ट्रकची किल्ली खिशात टाकली.

बाई गप्प बसली. का गप्प बसली ते तिला चांगलं ठाऊक होतं. तीन आठवडे झाले, तिला कुठलंही दूध कोमट पाण्यासारखं लागत होतं. नुसत्या रंगावर, वासावर आणि जुन्या सवयीवर तिने वेळ मारून नेली होती.

हे सगळं सुरू झालं होतं दीड वर्षापूर्वी, शुगरपासून. दोन-दोन गोळ्या घेऊनही शुगर काही ताळ्यावर येईना. लेक त्याआधीच व्हीगन झाली होती. मांस, अंडी सोडाच, दूध, दही, लोणी, मधसुद्धा तिने बंद केलं होतं. दूध वासराचं असतं, असं ती म्हणायची. वासराच्या त्या दुधावरच तुझं शिक्षण झालं, असं आई म्हणायची, आणि मायलेकी दोन दिवस बोलायच्या नाहीत. शेवटी शुगरपुढे हात टेकून बाईने महिनाभर करून बघायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी सोयाच्या दुधाचा चहा तिने सवयीने तोंडात घोळवला आणि सरळ बेसिनमध्ये थुंकला. लेक हसून हसून बेजार झाली. पण महिन्याचे तीन महिने झाले, आणि फरक पडला तो डोळ्यांना दिसण्यासारखा. वजन नऊ किलोंनी उतरलं. कुरकुरणारे गुडघे गप्प झाले. शुगर खाली आली, दोन गोळ्यांची एक झाली. खरं सांगायचं तर तिला हलकं वाटत होतं, आणि ते फक्त वजनामुळे नव्हतं. एखाद्या गोठ्यावरून जाताना आता तिला नजर चुकवावीशी वाटायची नाही.

तोटे होते ते माणसांच्या बाजूचे. दुकानात प्रत्येक पुड्यामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचेपर्यंत दुकानदाराचा जीव मेटाकुटीला यायचा. धाकट्या बहिणीने एकदा हौसेने जेवायला बोलावलं आणि बाईने अर्ध्याहून जास्त पदार्थांवरून हात फिरवून नको म्हटलं. “मग तुला वाढू तरी काय, पाणी?” बहीण म्हणाली. त्यानंतर बोलावणी कमी झाली, आणि ते बाईला लागलं. डेअरीत तर थट्टेला ऊतच आला होता. दूध तोंडात घेतलं तर नेम मोडतो का, यावर जेवणाच्या सुट्टीत वाद झडायचे. थुंकलं की चालतं, असा निवाडा लेकीने देऊन टाकला होता.

लेकीने पहिल्याच आठवड्यात बी-ट्वेल्व्हच्या गोळ्यांची बाटली आणून दिली होती. हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही, आठवड्याला एक गोळी चुकवायची नाही, असं तिने दहादा बजावलं होतं. बाईचा हिशोब वेगळा होता. दिवसाला दोनशे घोट. कितीही थुंकलं तरी थोडंफार पोटात जाणारच, आणि त्यात जे काय लागतं ते मिळणारच. गोळ्या कमी व्हाव्यात म्हणून तर हा सगळा खटाटोप, त्यात ही आणखी एक कशाला? बाटली कपाटात गेली. लेकीने विचारलं की ती “घेते गं” म्हणायची.

टाकी ओतली गेली त्याच संध्याकाळी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली होती. पायांना मुंग्या येतात का, विचारलं. येत होत्या, उभं राहून येतात असं तिने धरलं होतं. मग गोळ्यांचं विचारलं, आणि लेकीच्या देखत बाईला खरं सांगावं लागलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. तुमचं खाणं उत्तम आहे, शुगरचे आकडे मी इतरांना दाखवीन असे आहेत, त्या म्हणाल्या. पण ती एक गोळी नसेल तर हेच खाणं अंगाशी येतं, आणि शुगरच्या औषधानेही हे जीवनसत्त्व कमी होतं. आता इंजेक्शनं घ्यावी लागतील.

“आणि चव?” बाईने विचारलं.

“येईल. गोड-खारट नक्की कळेल. तुम्ही म्हणता तेवढं बारीक कळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

घरी आल्यावर लेक पिशवी घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून दूध तापल्याचा वास आला. दीड वर्षात या घरात दूध तापलं नव्हतं. लेकीने पेला आईसमोर ठेवला. तिचे डोळे सुजले होते.

“पी आई. मीच तुला यात ओढलं.”

बाईने पेला बाजूला सरकवला. “तू बाटलीही आणून दिली होतीस,” ती म्हणाली. “खोटं मी बोलले. माझ्यापायी तू तुझं मोडू नकोस.” तिने पेला शेजारच्या घरी देऊन टाकायला लावला, आणि कपाटातली बाटली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

सकाळी ती धक्क्यावर न जाता थेट साहेबांच्या खोलीत गेली. दूध कडू असल्याचं ट्रकवाल्याने सांगितलं होतं, मला ते कळलं नाही, तीन आठवडे मला काहीच कळत नाही, असं तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग धक्क्यावर आता उभं कोण राहणार, असं त्यांनी विचारलं.

“त्याला बोलवा. त्याला चव आहे,” बाई म्हणाली. हे वाक्य तिला फार जड गेलं.

चार महिने झाले. जिभेची लाली गेली, मुंग्या गेल्या, मीठ कमी पडलं तर बाईला ताटावर बसल्याबसल्या कळू लागलं. त्यापुढचं काही आलं नाही. साहेबांनी तिला ट्रकवाल्याला तयार करायच्या कामावर ठेवलं होतं. ट्रक आता दुसरंच कुणी चालवायचं.

त्या दिवशी एका कॅनपाशी ट्रकवाला अडखळला. दोनदा घोट घेतला, दोनदा थुंकला. रांगेतले लोक बघत होते.

“काय लागतंय?” बाईने विचारलं.

“आधी काहीच नाही. थुंकल्यावर मागे काहीतरी राहतं. ओल्या फडक्यासारखं.”

बाईने डोळे मिटले. ती चव जिभेच्या कुठल्या बाजूला, किती वेळ राहते, ते तिला अजून पाठ होतं. कॅन ओला असतानाच झाकण लावलंय, तिने सांगितलं. ट्रकवाल्याची खात्री पटेना. हा कॅन परत पाठवायचा म्हणजे एखाद्याची अख्ख्या सकाळची मेहनत परत पाठवायची. त्याने दुधाचं माप तिच्यापुढे केलं.

“तुम्ही एकदा बघता का, बाई?”

तिने घोट घेतला, सगळ्यांसमोर तोंडात नीट घोळवला आणि थुंकला. दूध कोमट होतं, एवढंच तिला कळलं.

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. “परत पाठव.”