गच्चीवरच्या खोलीतली ऊब

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बायडाबाई थंडीने कुडकुडायच्या, म्हणून रोज खाली नातवंडांत झोपायच्या. शेवटी त्यांच्या मुलाने, साईनाथने, पत्र्याला आतून चंदेरी फॉइलचं अस्तर लावून घेतलं. आता खोलीतली ऊब खोलीतच राहणार होती.

तरी संध्याकाळी म्हातारी वळकटी घेऊन दारात हजर! "लई गारठा हाय वर."

शेफालीचा पारा चढला. सासूबाईंना आता काय हीटर हवाय? ती तणतणत वर गेली. खोली इतकी उबदार होती, की तिने स्वेटर काढला. खालून पोरांचं खिदळणं ऐकू येत होतं. वर चिटपाखरूही नव्हतं. ती क्षणभर खाटेवर टेकली.

मग स्वेटर पुन्हा चढवून खाली आली.

"अहो, खरंच गारठा आहे. आई इथेच झोपतील."