आडवा ठेवलेला डबा

माझं लग्न चौऱ्याहत्तर सालचं, ऐन पेट्रोलच्या टंचाईतलं. मेढ्याहून सासरी कुंडलला जायचं, आणि वाटेतला पंप उघडा असेल याचा नेम नाही. माझा जोतीराममामा मिलिटरीत गाड्या चालवून पेन्शनीत आलेला. त्यानं जीपच्या मागं, बाहेरच्या बाजूला, पेट्रोलचा डबा उभा ठेवून पट्ट्यानं आवळला. "ह्याला कुनी हात लावायचा न्हाई," असं बजावूनच तो गाडीत बसला.

नवरदेवाला सांगितलेलं कधी कळतं का? इस्लामपूरला मामा चहाला उतरला, तेवढ्यात आमच्या ह्यांना डबा चोरीला जाईल अशी भीती वाटली. त्यांनी तो सोडून आणला आणि सीटखाली सरकवला. उभा मावेना, म्हणून आडवा! मी खाली मान घालून बसलेली. शालूचा घोळ एवढा, की पायाशी काय आलं तेही दिसेना. पुढं वास येऊ लागला, पण मला वाटलं, जीपला असेलच तसा. मी काय रोज जीपमधून हिंडत होते?

कुंडलला दारात गाडी थांबली, वारा थांबला, आणि मामानं नाक वर केलं. समोरून सासूबाई, बनुबाई, ओवाळायचं ताट घेऊन येत होत्या. मामा ओरडला, "इहीणबाई, थांबा! दिवा मालवा आदी!"

नवरी दारात आणि दिवा मालवा? सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. पहिल्याच पावलाला अपशकुनी ठरले, तर जन्मभर तेच ऐकायचं होतं.

"पाव्हणं, माज्या दारात येऊन मला दिवा मालवाय सांगता व्हय?" म्हणत त्या तशाच पुढं निघाल्या.

मी पाय हलवला, तर शालूचा काठ चिंब. मग कसली नवी नवरी आणि कसलं काय! मी पलीकडून उडी मारली आणि लांबूनच ओरडले, "आत्याबाई, जवळ येऊ नगा! माजं लुगडं पेट्रोलनं भिजलंय!"

सासूबाई जागीच थांबल्या. ताट माझ्या जावेच्या हातात देऊन म्हणाल्या, "देवापाशी ठेव. तेवू दे." आणि मला हाताला धरून परड्यातून थेट न्हाणीत नेलं. कुणी तरी कुजबुजलं, नवरी मागच्या दारानं आली.

"पुढल्या दारात जळन्यापरीस मागल्या दारानं आलेली बरी!" सासूबाई कडाडल्या.

त्यांनी मला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं, आपलं धुवट लुगडं नेसवलं आणि परड्यातूनच पुन्हा पुढच्या उंबऱ्याशी आणून उभं केलं. हेही विहिरीवर आंघोळ करून, पुन्हा बाशिंग बांधून, चोरासारखे येऊन शेजारी उभे राहिले. तोवर मामानं पोरांना लावून जीप लांब ढकलली होती आणि डबा शेतात नेऊन ठेवला होता. दिवा आला, ओवाळणं झालं. बायकांनी वाट अडवली, "नाव घे!"

पाठ केलेला उखाणा केव्हाच विसरले होते. तोंडाला येईल ते म्हटलं:

"सांडलेलं पेट्रोल बघून पोटात उठला गोळा,
लालासाहेबांचं नाव घेते, आत्याबाई, त्यांचा कान पिळा!"

म्हटलं आणि माझी मीच हबकले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग लेकाकडं. आणि अख्ख्या गल्लीदेखत ह्यांचा कान असा पिळला, की बाशिंगासकट हे वाकले.

"ये गं बाय," मला म्हणाल्या, "आत ये."