सात ओळींची पाटी

मी एक दगडी पाटी आहे. माझा दगड कोणत्या खाणीतला, हे मला ठाऊक नाही. म्हणून जन्मकथा सांगत नाही. १९७६च्या उन्हाळ्यात रजेवर आलेल्या कृष्णात नावाच्या सैनिकाने मला सांगलीच्या एका दुकानातून घेतले आणि वडूजला आपल्या पत्नीच्या, विजयमालाच्या हाती दिले. दहावीला ती एकट्या गणितात नापास झाली होती. ऑक्टोबरात उत्तीर्ण झाली, तरच नर्सिंगच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळणार होता.

तिला छळत ती वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणे. एका उदाहरणाला दहा ओळी लागतात. माझ्यावर सात मावतात. म्हणून खाली पोचली, की वरच्या ओळी ओल्या फडक्याने पुसून ती तिथे पुढचे लिहीत असे.

एका दुपारी शेंगा फोडत बसलेल्या सासूला, चंद्राबाईंना, तिने उदाहरण वाचून दाखवले : आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा पाच मीटरने जास्त, क्षेत्रफळ दोनशे चार चौरस मीटर. ‘समजा, रुंदी क्ष’ अशी तिने सुरुवात केली. अवयव पडले. किमती आल्या : बारा आणि उणे सतरा.

“उणे सतराचं रान कुनी बघितलंय?” चंद्राबाई म्हणाल्या.

“म्हनून तर ते सोडायचं, आत्याबाई. लांबी बारा, रुंदी सतरा.”

“मगाशी लांबी जास्त म्हनलीस. आता आखूड कशी झाली गं?”

“गुनाकार तर बरोबर येतोय.”

“येऊ दे की. रान आडवं पडलं त्याचं काय?”

विजयमालाने माझ्याकडे पाहिले. क्ष म्हणजे काय, हे सांगणारी ओळ तिने जागेसाठी केव्हाच पुसली होती. पंधरवड्यातली चुकलेली उदाहरणे तिने पुन्हा सोडवली. आधीही अवयव सगळे बरोबर आले होते. उत्तरे तेवढी उलटी लिहिली गेली होती.

“मला डोस्कंच न्हाई, असं वाटाय लागलं हुतं,” ती हळू म्हणाली.

तेव्हापासून ती पहिली ओळ शिसपेन्सिलीने माझ्या लाकडी चौकटीवर लिहू लागली.

परीक्षेला मला नेता आले नाही. ती परतली, तेव्हा चंद्राबाईंनी दारातच विचारले, “पयली वळ ठिवलीस न्हवं?”

“कागदावरचं कुठं पुसतंय, आत्याबाई.”

गणितात तिला चव्वेचाळीस गुण मिळाले. ती साताऱ्याला शिकायला गेली.

आज मी पिठाच्या डब्यावरचे झाकण आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मला बोलायचे होते ते एवढ्यासाठी, की त्या उन्हाळ्यात तोकडी मी होते आणि मठ्ठ ती ठरत होती. कुणाचे उत्तर चुकले, तर त्याची बुद्धी मोजण्याआधी त्याला लिहायला जागा किती होती, तेवढे पाहा.