काळे चकवे

सिंधू गेली तेव्हा आमच्या भोपाळमधल्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये सामान असं फार नव्हतं. दोन खाटा, एक कपाट, स्वयंपाकाची भांडी. आणि मासे पकडायची खोटी आमिषं, ती मात्र आठशेच्या आसपास. काही पितळेच्या चमच्यासारखी, काही लाकडाची रंगवलेली, काही पिसांची, काही केसांची. प्रत्येकाला गळ. जिवंत किड्याऐवजी हे दोरीला बांधून पाण्यात ओढायचं, मासा फसतो. सिंधू त्यांना चकवे म्हणायची, म्हणून मीही चकवेच म्हणतो.

आम्ही मूळचे अलिबागकडचे. वडील नोकरीसाठी नागपूरला आले आणि तिथेच राहिले. मी बांधकाम खात्यात पंपावर मेकॅनिक होतो. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला आल्या आणि त्यांच्याबरोबर आम्हीही आलो. सिंधू रेवदंड्याची. समुद्र सोडून नागपूरला आली तेव्हाच रडली होती. भोपाळला आल्यावर बडा तलाव बघितला आणि म्हणाली, "चला, खारं नाही तर नाही. पाणी तरी दिसतंय." पुढे कारखाना उघडला, मी तिथे लागलो आणि हे क्वार्टर मिळालं.

चकव्यांची पेटी मी जुन्या शहरात घेतली. संस्थान विलीन झाल्यावर तिथल्या बऱ्याच घरांतलं सामान हळूहळू बाहेर निघत होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ओट्यावर बंदुकीच्या खोळी, काठ्या, पेट्या मांडल्या होत्या. मी पेटी उघडून बघितली तर आत हे सगळं. ते म्हणाले, "ले जाइए मियाँ. मछली अब हमारे नसीब में कहाँ." मी ती खांद्यावरून घरी आणली. सिंधू आधी ओरडली, मग खाली बसली आणि एकेक उचलून बघू लागली.

तेव्हापासून चकवे तिचे झाले. मासे मी पकडायचो, पण चकवे लावणं, सुकवणं, मोडलेले परत बांधणं हे तिचं काम. लहान पिसांचे तिने मिसळणाच्या डब्यात ठेवले, हळदीच्या वाटीत पिवळे, तिखटाच्या वाटीत लाल. चमचे बांगड्यांच्या खोक्यात. शेजारचा अच्युत बघून हसला होता, "वहिनी, भाजीत गळ टाकाल एक दिवस."

"टाकीन की. तुम्ही चोरून जेवायला याल तेव्हा."

अच्युत वैशंपायन पुण्याचा. घरी मासा चालत नाही, पण तळ्यावर गळ टाकायला सगळ्यांच्या पुढे. पकडलेला मासा आमच्या दारात ठेवायचा आणि म्हणायचा, "पाप माझं, पोट तुमचं."

पेटीत काळे चकवे बरेच होते, अस्वलाच्या केसांचे. संध्याकाळी मोठा मासा काळ्यालाच लागतो. ते झडत चालले. अस्वलाचे केस आम्ही आणणार कुठून? एक दिवस मी कामावरून आलो तर सिंधू दारात बसून काळा चकवा बांधत होती. मी विचारलं, केस कुठले? तिने फणीकडे बोट दाखवलं. विंचरताना निघालेले केस, ते गुंतवळ ती पिशवीत साठवत होती. नागपूरला गुंतवळ घेऊन सुया-पोत देणाऱ्या बाया यायच्या. इथे कोणी येत नव्हतं.

मी म्हटलं, "शी! हे काय?"

"का? ताटात केस निघाला की ओरडता ते ठीक. मासा काय ओरडणार आहे?"

"अगं, पण..."

"एक माणूस फसलाय या केसांना. आता मासे फसू देत."

ती गळाच्या दांडीला केस गुंडाळायची, दोऱ्याने आवळायची आणि गाठीवर लाख वितळवून टिपका द्यायची. असे तिने खूप बांधले. मग ते पेटीतल्या अस्वलाच्या चकव्यांतच मिसळून ठेवले. तेव्हा वेगळे ठेवायचं कारण नव्हतं.

कार्तिकात तिला विषमज्वर झाला आणि ती गेली. मूल आम्हाला नव्हतं.

माझी मोठी बहीण मनोरमा नागपूरहून आली होती. तेराव्याला तिने सिंधूची लुगडी वाटून टाकली. फणी, कुंकवाची डबी, गुंतवळाची पिशवी नदीत सोडायला दिली. म्हणाली, "गेलेल्याचा केससुद्धा घरात राहू नये, काशी. जीव अडकतो." मी दिलं सगळं. तेव्हा मला काही सुचत नव्हतं.

नंतर सुचलं. घरात तिचं काही उरलं नव्हतं. लग्नातला फोटो होता, पण त्यात डोक्यावर पदर, आणि चेहरा पुसट. स्वयंपाकघरात तिचा हात लागलेली भांडी होती, पण भांडी भांडीच असतात. एका रविवारी पेटी उघडली, काळा चकवा हातात घेतला आणि लक्षात आलं की हे तिचे केस आहेत.

कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मनूताईने पेटीच नदीत टाकायला लावली असती. अच्युत हसला नसता, पण त्याने बायकोला, सुचेताला सांगितलं असतं, आणि सुचेताने सगळ्या लाइनीला. बायको मेलेला माणूस तिचे केस गळाला बांधून ठेवतो, असं झालं असतं.

ठरवलं की चकवे नीट लावायचे. कपाटाला उथळ खण करून घेतले, आत आडव्याउभ्या पट्ट्या मारल्या, तळाला बुचाचे तुकडे चिकटवले म्हणजे गळ रुतून राहील. चमचे वर, मग लाकडी, मग पिसांचे. सगळ्यात खालचा खण सिंधूच्या चकव्यांसाठी मोकळा ठेवला. बाकीचं भराभर झालं. अडलं ते काळ्यांपाशी. तिचे कुठले आणि अस्वलाचे कुठले, डोळ्यांना कळेना. अस्वलाचा केस राठ, तिचा मऊ, हे खरं, पण पाण्यात भिजून आणि सुकून दोन्ही सारखेच दिसत. बोटांना कळत नव्हतं. माझी बोटं पंपाची. शेवटी ओठाला लावून बघायला लागलो. ओठाला कळायचं. खिडकीशी बसून एकेक चकवा ओठाला लावायचा, तिचा असला तर तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. रोज थोडेच जमायचे. जास्त केले की ओठ बधिर व्हायचा आणि चूक व्हायची. चूक झाली की सगळे परत बघायचे. घाई नव्हती मला. ते काम संपू नये असंच वाटायचं.

वर्षश्राद्धाच्या आधी ते संपलं. तिचे सगळे डब्यात होते. खणात लावायचं तेवढं राहिलं होतं, ते होशंगाबादला नर्मदेवर श्राद्ध करून आल्यावर करायचं ठरवलं.

मनूताई दोन दिवस आधी आली. मी दिवसपाळीला गेलो होतो. परत आलो तर ती स्वयंपाकघरात परात घेऊन बसली होती आणि हात कोपरापर्यंत तेलकट.

"काशी, अरे तुझ्या त्या पिसांना कसर लागली होती. आणि तो डब्यातला केसाळ कचरा, त्यातही पांढरे किडे. तुला दिसत नाही का?"

"मग?"

"मग काय, एरंडेल चोळलं. तुरीच्या डाळीला चोळतो तसं. चार वेळा बोट टोचलं माझं, पण आता वर्षभर किडा लागायचा नाही."

परातीत सगळा एक गोळा झाला होता. गळ गळात अडकलेले, केस आणि पिसं तेलाने चिकटलेली. ती तो गोळा दाबून डब्यात भरत होती. बोटाला चिंधी बांधलेली होती. तिने उन्हातान्हात प्रवास करून येऊन माझ्यासाठी केलं होतं.

"ताई, ठेव ते. मी बघतो."

"तू काय बघणार? वर्षभर यातच बसलायस असं ती सुचेता सांगत होती. माणूस जेवतो की नाही, कळत नाही म्हणाली." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "विकून टाक हे, काशी. तिच्याबरोबर जाऊ दे."

अच्युत संध्याकाळी आला तेव्हा मी डबा पुढ्यात घेऊन दोन चकवे सोडवायचा प्रयत्न करत होतो. केस ओढले जात होते म्हणून जोर करता येत नव्हता.

"काशिनाथराव, हे असं नाही निघायचं. माझ्याकडे द्या."

"राहू दे."

"अहो पण तेल आहे हे."

"राहू दे म्हटलं ना."

तो उठून गेला. मला वाटलं, त्याला राग आला. राग आला नव्हता. तो विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नळाला पाणी दुपारीच यायचं, ते भरून ठेवायला किल्ली अच्युतकडे दिली. होशंगाबादला घाटावर श्राद्ध झालं. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, मी सांगितलं. पिंड पाण्यात गेले. मनूताई रडली. मी डब्याचा विचार करत होतो. तेल केसांना लागलंय, आणि केसाचं तेल कशाने जातं ते मला ठाऊक होतं. सिंधू दर रविवारी न्हायची. कोमट पाणी, शिकेकाई, हलक्या हाताने. एकेक चकवा वाटीत धुवायचा, टॉवेलवर टिपायचा, गाठ न ओढता सोडवायचा. लागू दे आणखी एक वर्ष. बाजारातून शिकेकाई घेतली. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं, हे लिहायला हवं. वर्षात पहिल्यांदा.

मनूताई इटारसीहून नागपूरच्या गाडीत बसली. मी धर्मशाळेत राहून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो.

दार उघडंच होतं. अच्युत आत माझ्या खुर्चीवर बसला होता, रजा काढून. पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर गळ. नुसते गळ. स्वच्छ, पांढरे, एकमेकांपासून सुटे. ढीगभर.

"बघा!" तो म्हणाला. "म्हटलं, येतील तेव्हा तयार असू दे."

मी एक गळ उचलून उजेडात धरला.

"कारखान्यात आमच्या शॉपला पार्ट धुवायची टाकी आहे ना, कॉस्टिक सोड्याची, गरम. जाळीत घालून सोडले. मोटारीचा गिअर तासाभरात नवा होतो त्यात, मग हे काय. तेल गेलं, गंज गेला, लाख गेली. केस, पिसं तर अशी विरघळली की जाळीत एक तंतू नाही. मोकळे झाले सगळे. नाहीतर तुम्ही जन्मभर सोडवत बसला असता."

"टाकीतलं पाणी?" मी विचारलं.

"पाणी? ते काल सोडून दिलं. का?"

"नाही. सहज."

"गळ उत्तम आहेत हो. इंग्लंडचं पोलाद. नवे केस बांधू. अस्वलाचे मिळतात म्हणे औबेदुल्लागंजकडे. सुचेतालाही शिकवा, तिचा हात बरा आहे." मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या पुडीकडे गेलं. "हे काय, शिकेकाई? तुम्हाला? डोक्यावर चार केस आहेत, काशिनाथराव!"

तो हसला. मी पुडी ओट्यावर ठेवली.

त्याला सांगता आलं असतं. त्याने माझे पाय धरले असते, जन्मभर मान वर केली नसती, सिंधूला तो वहिनी म्हणायचा. आणि सांगून जाळीत काही परत येणार नव्हतं. मी म्हटलं, "फार काम केलंत."

"अहो काम कसलं. वहिनी असत्या तर त्यांनीच केलं असतं."

मग तो म्हणाला, आलोच आहे तर खणात लावून टाकू. तो खाली बसला, मीही बसलो. मोठे इकडे, मधले मध्ये, लहान तिकडे. आता ओठाला लावायचं काही नव्हतं, उजेड लागत नव्हता. सुचेताने चहा पाठवला, तो आम्ही मध्येच प्यालो. मला वर्ष लागलं होतं तिचे वेगळे काढायला. हे एका चहाच्या वेळात होत आलं.

अच्युतने खालचा खण ओढला. "हा रिकामा का?"

विचारता विचारताच त्याने लहान गळांची मूठ त्यात ओतली आणि एकेक बुचात रुतवू लागला, सरळ ओळीत, टोकं एका बाजूला. त्याचं काम नीटनेटकं होतं. मी त्याला हातात एकेक गळ देत गेलो.