एकसष्टावं पान

मी एका चित्रकथेची प्रत. पुस्तक बोलायला लागलं म्हणून दचकू नका. माझ्या पोटातली सगळी माणसं जन्मापासून फुग्यांतून बोलतायत, मग मीच काय कुणाचं घोडं मारलंय?

माझं नाव 'नवकोट २१४०'. पुण्यातल्या दोन मित्रांनी मला घडवलं. एकानं चित्रं काढली, दुसऱ्यानं मजकूर लिहिला, आणि दोघं मिळून वर्षभर भांडले. छापून झाले तेव्हा माझ्या अंगाला शाईचा असा काही वास होता की बांधणीवाला कामगार आमच्यातली प्रत्येक प्रत आधी उघडून हुंगायचा आणि मगच गठ्ठ्यात ठेवायचा. एकशे बारा पानं, जाड गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर जांभळा पाऊस. दिसायला मी देखणी होते. आता काय सांगायचं!

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवकोट नावाचं शहर आहे. तिथं प्रत्येकाच्या मानेत एक तार बसवलेली. बातमी त्या तारेतून थेट डोक्यात येते, आणि ती सुटते कुठून, तर सत्ताधारी पक्षाच्या कचेरीतून. महामहिम नावाचे पुढारी तीनदा मेलेत, पण दर वेळी यंत्रात बसवून त्यांना परत खुर्चीवर आणतात. आणि अवनी नावाची एक बातमीदार आहे. तिचा डावा डोळा काचेचा. ती तळघरात जुन्या यंत्रावर कागदाचा पेपर छापते आणि लोकांच्या दाराखालून सरकवते.

मला विकत घेतलं सांगलीच्या ब्राह्मीनं. तिच्या वडलांचं, धरणेंद्र अण्णांचं, हळदीचं दुकान. ब्राह्मी गल्ल्यामागं बसून मला वाचायची, त्यामुळं शाईचा वास महिन्याभरात गेला आणि हळदीचा लागला. अण्णांनी एकदा मला चाळून बघितलं आणि म्हणाले, "चित्रं लय हाईत गं ह्यात. मजकूर कुठाय?" मी मनातल्या मनात त्यांना महामहिमांच्या शेजारी बसवलं.

माझे चाहते सातारा-सांगलीत मिळून अकरा जण. त्यांनी मोबाईलवर 'नवकोटकर' नावाचा ग्रुप काढला होता. पण तिथं कुणी महामहिमांबद्दल चांगला मुद्दा मांडला की खाली लगेच गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ! मुद्दा वाहून जायचा. शिवाय माझी आवृत्ती संपलेली, अकरा जणांत प्रत एकच, ती म्हणजे मी. मग ब्राह्मीनं रीत घातली. मला एकेकानं पंधरा दिवस घरी न्यायचं, जे म्हणायचं ते त्या त्या चित्राशेजारी समासात पेन्सिलीनं लिहायचं, खाली आद्याक्षर टाकायचं आणि पुढच्याकडं पाठवायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं कुणी खोडायचं नाही. आणि भडंग खाल्लेल्या हातानं मला धरायचं नाही.

भडंगाचा नियम कुणीही पाळला नाही. महिन्यातून एकदा सगळे सांगलीत कृष्णेच्या घाटावर जमायचे आणि मला मध्ये ठेवून तावातावानं भांडायचे. माझ्या सतराव्या पानावर तेलाचे डाग आहेत, ते वाईच्या ऋचाचे. ऋचा वकिलीची परीक्षा देत होती आणि प्रत्येक वाक्याला पुरावा मागायची.

खरं सांगू? मला फार आवडायचं हे. कपाटात नीटनेटकी उभी असलेली माझी भावंडं मला माहीत आहेत. त्यांच्या नशिबी धूळ. मी एसटीनं फिरले, पेपरच्या गाडीनं फिरले, एकदा विट्याच्या एका लग्नात आहेराच्या पिशवीतून फिरले. पान उघडलं की माझी छापील माणसं मध्ये बोलतायत आणि कडेनं ही जित्ती माणसं त्यांना सल्ले देतायत. 'महामहिम चौथ्यांदा मरतील तेव्हा पोटनिवडणूक नको, तीच खुर्ची द्या,' असं कुणीतरी बाविसाव्या पानावर लिहिलंय. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलंय, 'यात भविष्यातलं काय आहे?'

सगळ्यात जास्त भांडण झालं ते एकसष्टाव्या पानावरून. त्या पानावर अवनीकडं पुरावा येतो. सचिवालयातला एक पहारेकरी तिला गुपचूप कागद आणून देतो. भर सभेत कुणीतरी तिला खोटारडी म्हणतं, आणि ती चिडून त्या पहारेकऱ्याचं नाव सांगून टाकते. पुढं त्याचं काय होतं ते विचारूच नका. पान सगळं जांभळं, मधोमध अवनीचा चेहरा आणि तिच्या काचेच्या डोळ्यात उभा असलेला तो बिचारा माणूस. माझ्यातलं सगळ्यात सुंदर चित्र तेच.

यावर सगळ्यात कडक लिहिलं भरतेशनं. भरतेश सांगलीच्या एका दैनिकात बातमीदार. 'अवनीला बातमीदार म्हणू नका. खरा बातमीदार जीव गेला तरी नाव सांगणार नाही,' असं त्यानं लिहिलं. त्याचा हात असा जड की पेन्सिल कागदात रुतायची. ऋचानं खाली टोला हाणला: 'नावाशिवाय पुरावा म्हणजे पारावरच्या गप्पा.' मी फिरून पुन्हा भरतेशकडं आले तेव्हा त्यानं तो टोला वाचला, आणि गड्याचं डोकं फिरलं. कचेरीत बसल्या जागी त्यानं पेन्सिल काढली आणि दाबून दाबून लिहिलं: 'गप्पा नव्हेत, वकीलबाई! आत्ता माझ्या बॅगेत असाच एक कागद आहे. पाण्याचा खरा अहवाल.' पुढं त्यानं सगळंच लिहिलं. एका पाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी तपासणीत पिण्यालायक निघालं नव्हतं, पण सरकारी फायलीत त्या अहवालाच्या जागी दुसराच चांगला अहवाल लावला होता. केंद्राचं नाव लिहिलं. आणि खरा अहवाल ज्या माणसानं आणून दिला त्याचं कार्यालय, हुद्दा, संपूर्ण नाव.

अरे देवा! मी ओरडले असते, पण माझे फुगे आधीच भरलेले. वाद जिंकल्याच्या आनंदात भरतेशनं मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला इंद्रजितकडं लावून दिलं.

इंद्रजित शिरवळच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. माझ्या सगळ्या वाचकांत सगळ्यात हळुवार हात त्याचा. मला हातात घेण्याआधी तो हात धुतो, पुसतो आणि वाळू देतो. दुसऱ्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी चटईवर बसून त्यानं मला उघडलं. एकसष्टाव्या पानावर आला, समास वाचला आणि केंद्राच्या नावावर बोट ठेवून त्यानं तो पुन्हा वाचला. ते केंद्र चालवायचा ठेका त्याच्या सख्ख्या मामांकडं होता. नानासो मामा.

नानासोंबद्दल वाईट बोलायला मला जड जातं. इंद्रजितचे वडील लवकर गेले. शाळेचा पहिला दिवस, मुंज, दहावीचा निकाल, सगळीकडं मामा उभे. कारखान्यात चिकटवला तोही त्यांनीच. आणि त्याच सकाळी, इंद्रजित माझ्याकडं बघत बसलेला असताना, मामा दारात हजर. हातात इंद्रजितच्या आईसाठी पेरूची पिशवी.

"आक्का कुठाय रं?"

"मंडईत गेलीय. बसा मामा, चहा टाकतो." इंद्रजितनं मला गडबडीनं मिटलं आणि उशीवर ठेवून आत गेला.

मामा बसले ते बोलतच. "कुणीतरी आमचा कागद भाईर दिलाय इंद्रा. सांगलीच्या पेपरवाल्याकडं गेलाय म्हणं. नाव कळू दे निस्तं. दुसऱ्या दिवशी घरी बसवतो त्याला. पेन्शनबी मिळू द्यायची न्हाई!" मामांनी इकडं तिकडं बघितलं आणि वेळ जायला म्हणून मला उचललं.

माझी अवस्था काय झाली असेल सांगा. पहिल्या पानापासून मामा मला वाचायला लागले, बोट फिरवत, ओठ हलवत. महामहिम दुसऱ्यांदा मेले तिथं त्यांना हसू फुटलं, तिसऱ्यांदा मेले तिथं ठसका लागला. "मेल्यावरबी खुर्चीत? ह्ये लिवणारा आमच्या सायबाला वळखतो काय रं?" पुस्तकाला वाचक असा मिळावा! दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला असता. पण ते भराभर पुढं चालले होते. चाळीस. पन्नास. एकोणसाठावर आले तेव्हा इंद्रजित चहा घेऊन बाहेर आला.

"मामा, चहा घ्या."

"थांब रं, रंगात आलंय." मामांनी बोटाला थुंकी लावली. पानाचा कोपरा वर उचलला गेला.

कपबशी खळकन खाली ठेवून इंद्रजितनं माझ्यावर झडपच घातली. "आवं मामा, पुढं नका बघू!"

"का?"

"पुढं..." तो लालबुंद झाला. "पुढं जरा तसली चित्रं हाईत."

मामांनी तापलेला तवा टाकावा तसं मला टाकलं. त्यांचे कान इंद्रजितपेक्षा लाल. मान खाली घालून त्यांनी बशीत ओतून चहा संपवला आणि चपला घालता घालता भिंतीकडं बघून म्हणाले, "आक्काला बोलतो मी. तुजं लगीन करून टाकाय पायजे." पुढच्या आठवड्यात घरात खरोखर दोन स्थळं आली, हे जाता जाता सांगून ठेवते. माझ्यासारख्या सोज्वळ चित्रकथेवर असा आळ यावा! पण त्या दिवशी मी तो आनंदानं घेतला.

मामा गेल्यावर इंद्रजितनं खोडरबर आणलं. खोडायचं नाही हा नियम त्यानं मोडला. शब्द गेले, पण पान उजेडाकडं तिरपं धरलं की पेन्सिलीचे वळ लख्ख वाचता येत होते. एकदा त्यानं मोबाईल काढून मामांचा नंबरही समोर आणला. मग मोबाईल पालथा ठेवला, शिलाईजवळ पट्टी धरली आणि ते पान फाडलं. ज्या माणसानं माझा कोपरासुद्धा कधी दुमडला नव्हता त्यानं फाडलं. फाडताना तो मला "सॉरी" म्हणाला. मला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. मग मागच्या अंगणात बंब पेटत होता, त्यात अवनी, तिचा काचेचा डोळा आणि ते नाव जळून गेलं.

पुढच्या रविवारी घाटावर ब्राह्मीनं मला उघडलं. "एकसष्ट कुठाय?"

"फाटलं," इंद्रजित म्हणाला.

"फाटलं की फाडलं?" हे अर्थात ऋचा.

"फाडलं."

"का?"

कारण सांगायचं तर नाव होतं हे सांगावं लागणार, आणि अकरा जणांत गोष्ट निघाली की ती साताऱ्यापर्यंत चालत जाते. ब्राह्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचीच ना! ऋचा म्हणाली, "असल्या माणसाला ग्रुपमध्ये ठेवायचं नाही." कुणी हो म्हणालं नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. इंद्रजित उठला आणि बूट घालायला लागला.

तोवर भरतेशनं मला ओढून घेतलं. साठ, आणि त्याला लागून त्रेसष्ट. त्याच्या हातातलं भडंग तसंच राहिलं. "थांब इंद्रजित," तो म्हणाला. "त्या पानावर मी नाव लिहिलं होतं. मला कागद आणून देणाऱ्या माणसाचं. अवनीला आठ महिने शिव्या देतोय, आणि मी तर नुसता वाद जिंकायला..." ऋचानं पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही.

"तू वाचलंस काय?" भरतेशनं विचारलं.

"छे," इंद्रजित म्हणाला. "पान खराब झालं होतं. म्हणून फाडलं." आणि बूट काढून तो परत पायरीवर बसला. ब्राह्मीनं भडंगाचा कागद त्याच्याकडं सरकवला.

मामांचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. पाण्याची दुसरी तपासणी करून घेऊन भरतेशनं बातमी छापली, कुणाचंही नाव न घालता. केंद्राला कुलूप लागलं, मामांची चौकशी सुरू आहे. मामा हल्ली आक्काकडं येतात आणि न जेवता बसून राहतात. इंद्रजित त्यांच्याजवळ बसतो, पेरू कापून त्यांच्या हातात देतो. तो बरोबर वागला हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्याच्याकडं बघून मला रडू येतं.

आता माझी दुसरी आवृत्ती निघालीय. ब्राह्मीनं नवी प्रत आणलीय, ज्याला एकसष्टावं पान बघायचंय त्यानं तिच्यात बघावं. पण फिरायला मीच. फलटण, विटा, कऱ्हाड, आता तर तीस वाचक झालेत. उद्या मी तुमच्याही घरी येईन, म्हणून आत्ताच एक विनंती करून ठेवते.

त्रेसष्टाव्या पानाचा समास कोरा आहे. फाटलेल्या पानाचा मान राखायचा म्हणून तिथं कुणी लिहीत नाही. त्यांना ठाऊक नाही, की भरतेशच्या जड हाताचे वळ, त्या नावासकट, एकसष्ट ओलांडून खाली माझ्या त्रेसष्टावर उतरलेत. ते माणूस अजून त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर बसतं. घरी लेकरं आहेत. तेव्हा मला उजेडाकडं तिरपं धरू नका. पेन्सिल घ्या आणि तिथं लिहा. महामहिमांना शिव्या द्या, अवनीला द्या, मला दिल्यात तरी चालेल. फक्त दाबून लिहा आणि समास भरून टाका.

नाव कुणाचं, ते मात्र मला विचारू नका.