भरवशाची गाडी

प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी होता, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखा. काजळी नाही, पांढरी राख नाही, तेलाचा ओशटपणाही नाही. श्रीपतींनी तो दोन बोटांत धरून शेडच्या दारातून येणाऱ्या उजेडाकडे फिरवला. असा रंग दिसला की इंजिनाची प्रकृती ठणठणीत समजावी, हे त्यांना गॅरेजवाल्या साहेबरावनं शिकवलं होतं, त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली… आणि तरी आज हा रंग दिसायला नको होता असं काहीतरी मनात येऊन गेलं. काळा निघाला असता तर बरं झालं असतं. गाडीकडे बोट दाखवता आलं असतं.

अकरा वाजता मुकुल नावाचा तरुण वास्तुविशारद संभाजीनगरहून गाडी बघायला येणार होता. गंधालीनं फोनवर परस्पर सगळं ठरवलं होतं. जालन्यातल्या मस्तगडचं हे घर आवरून वडिलांना पुण्याला न्यायचं म्हणून ती आठ दिवसांची रजा काढून आली होती. कपाटं, पुस्तकं, आईच्या साड्या, माळ्यावरची तांब्याची घंगाळं… सगळ्याला तिचा हात लागला होता. शेडकडे मात्र ती एकदाही फिरकली नव्हती. गाडीला ती गाडीसुद्धा म्हणत नसे. ‘ते’ म्हणायची. ‘ते आधी काढून टाका, बाबा.’

ते… म्हणजे बासष्ट सालची, गडद हिरवी, दोनच सीटांची, उघड्या छताची विलायती गाडी. श्रीपती तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि हैदराबादच्या एका जुन्या घराण्यानं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी टाकून दिलेली ही गाडी त्यांनी ट्रकवर घालून जालन्याला आणली होती. लोक हसले होते. बायको, शरयूही हसली होती — पण पदर खोचून पहिली बादली तिनंच ओतली होती त्या धुळीवर. नंतरची वर्षं म्हणजे गाडी चालण्याची जितकी, तितकीच बंद पडण्याची. घाणेवाडीच्या तलावाजवळ पंखा तुटला होता. बदनापूरच्या अलीकडे उन्हानं पेट्रोलची वाफ होऊन ती थांबली, तेव्हा ओल्या फडक्यानं पंप गार करत श्रीपती वाकून उभे होते आणि शरयू बांधावरच्या निंबाखाली वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसली होती. ‘चार अक्षरी शब्द सांगा, अखेरपर्यंत साथ देणारा,’ ती तिथून ओरडली होती. ‘पंप नक्कीच नाही.’ काय होता तो शब्द?… तिला सापडला होता की नाही, हे त्यांनी कधी विचारलंच नाही.

आता विचारायला…

त्यांनी प्लग परत बसवला, पान्यानं आवळला. जास्त नाही, एक पाव फेरा.

जुन्या गाडीवर भरवसा नसतो असं लोक म्हणतात. ते खरं नव्हतं. तिची खरखर, तिचा खोकला, चढावर बदलणारा सूर, हे सगळं आधीच काही सांगत असतं, ऐकणारा हवा. शरयू ऐकायची. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता सांगायची, ‘अहो, चोक जास्त ओढलाय.’ अठ्ठावीस वर्षं ऐकत होती ती. तो कोरडा घर्र आवाज, मग दोन ठसके, मग इंजिन धरायचं. शेडपासून घराचा ओटा दहा पावलांवर.

दहाच पावलं. म्हणूनच तर…

मे महिना होता. सकाळचे साडेदहा झाले असतील. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचं होतं. साहेबराव आदल्या दिवशी येऊन तारा, पॉइंट, बॅटरी, सगळं तपासून गेला होता. सीटांना नवं कातडं चढवलं होतं, मधाच्या रंगाचं, हैदराबादच्या कारागिराकडून करवून आणलेलं. त्या कातड्याचा वास शेडभर कोंदला होता. शरयू भिंतीला धरून बाहेर आली. जबडा दुखतोय म्हणाली. छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाली. मग मोरीत जाऊन तिला उलटी झाली. श्रीपती म्हणाले, पित्त असेल, काल लग्नातलं जेवण होतं ना… तिनं मान हलवली आणि म्हणाली, दवाखान्यात जाऊ या. स्वतःहून दवाखान्याचं नाव काढणाऱ्यातली ती नव्हती. हे आता कळतं. तेव्हाही कळलंच असावं. कळूनही माणूस ते बाजूला ठेवतो, इतकंच.

ते शेडमध्ये गेले. गाडीत बसले. किल्ली लावली. आणि शेजारच्या सीटकडे नजर गेली.

परत उलटी झाली तर… एवढंच. इतकाच विचार. काही मोठा खुनशी विचार नव्हता तो, घरात पाहुण्यांसमोर गादीवर नवी चादर घालताना यावा तसला घरगुती, किरकोळ विचार. पित्तच तर आहे. रिक्षानं जाता येईल. किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली, थोडा वेळ तसेच बसून राहिले — काहीतरी प्रयत्न केल्यासारखं वाटावं म्हणून — आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘चालू होत नाहीये.’

शरयू ओट्यावर बसली होती, दहा पावलांवर. तो घर्र आवाज आलाच नव्हता. कपाळावर घाम. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर त्या रागाला धरून पुढची वर्षं काढता आली असती. ओळख पटावी तसं पाहिलं, फार वर्षांनी एखाद्याचा चेहरा नीट दिसावा तसं. ‘असू द्या,’ म्हणाली. ‘रिक्षा बघा.’

रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर… आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्याच्या आदल्या संध्याकाळी पुण्याहून पोचलेल्या गंधालीनं दवाखान्याच्या बाकावर त्यांना एकच विचारलं होतं, ‘गाडी होती ना घरात?’ आणि ते म्हणाले होते, चालू झाली नाही. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी ते सहज आलं. तिसऱ्या वेळी तर बोलावंही लागलं नाही. दहाव्या दिवशी साहेबराव आला, किल्ली मागितली, आणि अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं. ते तसंच चालू ठेवून त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. ‘आता तर बराबर हाय, सर,’ तो म्हणाला होता. ‘माझ्याच हातून कायतरी ढिलं राह्यलं असंल.’ श्रीपती दारात उभे होते. त्यांनी काहीही म्हटलं नाही.

तेव्हापासून गेली तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साहेबराव येत होता. नवीन जालन्यातलं गॅरेज बंद ठेवून यायचा, मजुरीचं नाव काढू देत नसे. गाडी कुठंच जात नव्हती, तरी पॉइंट घासायचा, तारा बदलायचा, पंधरा मिनिटं इंजिन चालवून त्याच्याकडे बघत बसायचा. त्याच्या मुलीला, अक्षताला शरयूनं दहावीपर्यंत घरी बसवून गणित शिकवलं होतं. आता ती नर्स होती, आणि आमच्या बाईमुळं झाली असं तो कुणालाही सांगायचा.

आजही तो आला होता. बॉनेटवर वाकून काहीतरी पुसत होता. पुसायचं काही उरलं नव्हतं. गंधाली चहा घेऊन बाहेर आली. श्रीपतींना कप हातात दिला. साहेबरावचा कप मात्र तिनं ओट्याच्या कडेला ठेवला, त्याच्याकडे न बघता. त्यानं तो मुकाट्यानं उचलला. ती घरी असली की दर वेळी हे असंच होत असणार. आपल्याला आजच दिसलं? की दिसत होतं आणि…

मुकुल वेळेवर आला. उमदा मुलगा होता; गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यानं दारावरून असा हात फिरवला की श्रीपतींना एकदम आपलं तरुणपण आठवलं. साहेबरावनं त्याला इंजिन लावून दाखवलं. घर्र, दोन ठसके, मग तो गोल, भरीव सूर. गंधालीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मुकुलनं फारसं काही विचारलं नाही. कागदपत्रांचं विचारलं, सुटे भाग कुठून आणता ते विचारलं. मग म्हणाला, ‘काका, एकच गोष्ट. मी आणि बायको हिच्यातून लांब लांब जाणार आहोत. भरवशाची आहे ना?’

श्रीपतींनी तोंड उघडलं. पण आधी साहेबराव बोलला.

‘साहेब, खोटं न्हाई सांगणार. गाडी बिलकुल चांगली हाय. पन एक बार दगा दिल्ता तिनं.’ इंजिन बंद करून तो खाली उतरला होता, हातात फडकं होतं. ‘तिनं म्हंजी माझ्या हातानं. ज्या दिशी लागली, नेमकी त्याच दिशी. तुमी घ्याच गाडी. पन हे म्हाईत असू द्या.’

शेडमध्ये इंजिन निवत असल्याची टिकटिक तेवढी चालू होती. साहेबराव खाली मान घालून उभा होता. शाळेत छडीसाठी हात पुढं करून मुलं उभी राहतात तसा, साठीचा माणूस. आणि श्रीपतींना आतून कसलं तरी किळसवाणं सुख जाणवलं, क्षणभरच, की हा अजूनही आपलं ओझं वाहतो आहे. त्या सुखाचीच त्यांना भीती वाटली.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी गाडीत काही बिघाड नव्हता.’

‘सर…’

‘मी चालूच केली नाही. किल्ली लावली, पण फिरवली नाही. तिला उलटी होत होती. सीट नवी होती.’

बस. चार छोटी वाक्यं झाली. ज्याला तीन वर्षं कुठं ठेवावं ते कळत नव्हतं, ते एवढ्यात मावलं. आणखी काही सांगायचं असेल असं त्यांना वाटत राहिलं, पण शोधूनही पुढं काही सापडेना.

मुकुलला काही नीटसं कळलं नसावं. तो एकदा गंधालीकडे, एकदा साहेबरावकडे बघत राहिला. साहेबरावनं फडक्यानं हात पुसले, एकेक बोट वेगळं धरून, नखांपर्यंत. बराच वेळ पुसत होता.

‘तीन वर्सं झाली, सर,’ तो म्हणाला.

आवाजात चीड नव्हती. त्या तीन वर्षांकडे तो दुरून बघत असावा, तिथं नेमकं काय काय ठेवलं होतं ते आठवत. श्रीपती त्याच्याकडे एक पाऊल सरकले, पण त्यानं किंचित हात वर केला — थांबा, अशा अर्थी — आणि अवजारांची पिशवी उचलून फाटकाबाहेर गेला. त्याची मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या… श्रीपती मोजत नव्हते, नुसते ऐकत होते. मग तो आवाज गल्लीच्या वळणावर मिटला. मुकुल फोन करतो असं काहीतरी पुटपुटून निघून गेला.

गंधालीनं कप गोळा केले. साहेबरावचा कप उचलताना ती थोडी थबकली. त्यात चहा तसाच होता. मग ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो चालूच राहिला. तीन कप धुवायला लागावा त्यापेक्षा फार जास्त वेळ.

श्रीपती शेडच्या उंबऱ्यावर बसले. हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती. सांगून टाकलं की हलकं वाटतं असं सगळे म्हणतात… तसं काहीच झालं नाही. उलट सगळं आत्ता कुठं अंगावर आलं. इतके दिवस ते खोटं राखण्यातच इतके गुंतले होते की शरयू गेली, ती नाही, हे बसून कधी पुरतं मनात आणायला त्यांना सवड झाली नव्हती. दिवसाच्या उजेडात, घरात आणि कुठंही, ती नव्हती. डोळे न पुसता ते रडत राहिले.

आत नळ बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. श्रीपतींनी मान वळवली नाही. गंधाली काय म्हणेल ते त्यांना ठाऊक नव्हतं. काहीच न म्हणता ती आजच्याच रेल्वेनं पुण्याला निघून जाईल हेही शक्य होतं. पण विचारावं तिनं, असं त्यांना वाटत होतं. सगळं विचारावं. रिक्षेत आई काय बोलली, हात कुणी धरला होता, तिला कळलं होतं का. तीन वर्षांत प्रथमच त्यांना वाटत होतं, की कुणीतरी आपल्याला विचारावं.